सपाट जागा

साताऱ्यात सपाट जागा मागणं म्हणजे
उतारावर ठेवलेल्या लिंबाला थांब म्हणणं.
आमची गल्ली यवतेश्वराकडे तोंड करून चढते,
दारातली जुनी मारुती
चाकाखाली दगड घेऊनच झोपते.

रविवारी ब्रेकचे पॅड बदलायचे ठरवले.
मेहुण्याचा ट्रॉली जॅक काढला, तोच समोरून
गुलाब मुजावर अनवाणी आले.
एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत
खड्ड्यात उभं राहून बसची पोटं पाहिलेला माणूस.
"इथं? उचल की. आधी मला जरा लांब जाऊ दे."

गाडी मग गिरणीमागच्या कोब्यावर नेली.
त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं
आणि बघत बसले ते कुठं पळतंय.
पळालं नाही. जागीच पसरलं.
"ही जागा. पूस आता."

हँडब्रेक. पहिला गिअर.
मागच्या चाकांना पुढून मागून ओंडके.
नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच,
हवेतल्या गाडीशी कुस्ती खेळायची नाही.
मी चार विटा आणल्या होत्या.
त्यांनी एक हातात घेतली, परत ठेवली.
"लाकूड मोडायच्या आधी करकरतं.
वीट काही सांगत नाही."

गाडी वर गेली. चाकं निघाली.
मी पोतं अंथरून आडवा झालो,
डोकं आत जाणार तेवढ्यात
घोटा धरून त्यांनी मला बाहेर ओढलं,
पाठ सोलली माझी.
"जॅक उचलतो. धरत नाही.
धरायला घोड्या."

घोड्या त्यांच्याच, लोखंडी, कऱ्हाडला वेल्डिंग केलेल्या.
एकीच्या पायावर खिळ्यानं खरवडलेलं : अ. रे.
हे कोण, मी विचारलं.
त्यांनी घोडी जागेवर सरकवली,
वाकून पाहिलं, पुन्हा वाकून पाहिलं.
"बारा नंबरचा पाना दे," म्हणाले.

मग कंबर लावून गाडीला धक्का दिला,
एकदा, दोनदा, चांगला रागानं.
"पडायची असली तर आत्ता पडू दे.
आत कुणी नाही."
काढलेली चाकंही दाराखाली आडवी सरकवली,
जॅक तसाच टेकवून ठेवला, सोबतीला.
शरयूला सांगितलं, दर दहा मिनिटांनी हाक मार.
तिनं दर दोन मिनिटांनी मारली.

एक क्लिप तुटली. पोवई नाक्यावरचं दुकान बंद.
गाडी रात्रभर तशीच राहिली.

सकाळी गेलो तर जॅक चार बोटं खाली बसलेला,
कोब्यावर तेलाचा गोल डाग,
त्याचं डोकं आणि गाडी यांच्यामध्ये
गिरणीचं पीठ उडत होतं उन्हात.
गाडी जिथल्या तिथं.

मुजावरांना सांगायला धावलो.
ते दाढी करत होते, आरशातूनच म्हणाले,
"तेल गळतंय, सील बदल.
आणि घोड्या पुसून दे."