फक्की

दुपारी दोनलाच वडगावातले माग थांबले.
कानात खटखट नसली की आमच्या लोकांना
घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं.
खरं त्या दिवशी सगळे हसत मैदानाकडं निघालेले,
पाच किलो कुंदा आधीच सांगून ठेवलेला.

समोर कोण, तर जांबोटीकडची पोरं.
टेम्पोतून आलेली. त्यांचा बदली खेळाडू
बाहेर येणाऱ्याचेच बूट चढवून आत जायचा.
आमच्यांनी त्यांना तासभर नाचवलं,
दोनदा बॉल खांबाला लागला.
आणि शेवटी शेवटी, इनास म्हणून एक काटकुळा,
त्यानं नुसता पाय लावला.
बॉल भरमाच्या हातातनं निसटला
आणि खुडूक कोंबडीसारखा
रेषेवर बसला.

नदाफ सरांनी शिट्टी मारली. गोल.

पहिली खुर्ची कुठनं आली दिसली नाही.
दुसरी ओळखीची होती, मंडपवाल्या अष्टेकरांची.
शिव्या मराठीत, शिव्या कन्नडात,
एरवी न बोलणारे दोघं खांद्याला खांदा लावून.
कुणीतरी ओरडलं, ही पोरं कुठल्या बाजूची?
उत्तर यायच्या आत टेम्पोची काच गेली.
इनास कोकणीत रडत होता.
त्याचं काय करायचं कुणालाच कळेना.

सर माझ्या खोलीत, फक्कीच्या पोत्यांमागं,
गिरणीतनं आल्यासारखे पांढरेफटक.
"पलीकडं होता गा, मी बघितलोय."
पुन्हापुन्हा तेच.
मी म्हटलं, होय सर.

अकराला पोलीस गेले.
बॅटरी घेऊन मी गोलाकडं गेलो.
सकाळी रेष मारताना सुतळी तुटली होती.
शेवटची हातभर अंदाजानं ओढली मी,
चहा निवत होता.
तिथंच, चार बोटं,
ती मैदानाच्या बाजूला सरकलेली.

चप्पल काढून तळव्यानं पुसली.
मग चपलाच गोळा करत बसलो,
सत्तावीस, एकीलाही जोडी नाही,
आणि तुडवलेल्या कुंद्याला मुंग्या.

सोमवारी भरमाच्या दारावरनं जाताना
त्यानं हाक मारली.
"काका, आत होता काय?"
तुला काय वाटतंय, मी विचारलं.
"बोटांना वाटलं नव्हता," म्हणाला,
धाग्याची गाठ मारत,
"खरं बोटांचं कोण ऐकतंय."

मी तोंड उघडणार,
तोवर त्यानं बटण दाबलं.
माग सुरू झाला की
वडगावात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही.