साडेतीन किलो बटाटे

पोस्टातून खोका आला तेव्हा
दुपारचे तीन वाजले होते आणि काळोख पडला होता.
कायानीत नोव्हेंबर असाच.
दिवस दार किलकिलं करून डोकावतो
आणि बूट न काढताच निघून जातो.

सरकारने धाडलेलं सगळं त्यात होतं:
टोपडी, लंगोट, एवढासा थर्मामीटर,
तळाशी खोक्याच्या मापाची गादी.
हिल्लाने एकेक वस्तू बाहेर भिरकावली
आणि स्वतः आत जाऊन बसली.
गुडघे हनुवटीला टेकले, पुठ्ठा फुगला.
"माझं," म्हणाली.
अडीच वर्षांपूर्वी ती अशाच खोक्यात झोपायची
हे तिला कोणी सांगितलं?
मी तर नाही.

मी रात्रपाळीला बर्फाचा नांगर चालवतो.
रस्ता मोकळा करावा, परत येताना बघावं,
तर पुन्हा पांढरा.
लेकीला सांगतानाही तेच.
बाळ येणार म्हटलं की शहाण्यासारखी मान हलवते,
दहा मिनिटांनी विचारते,
"बाळ परत कधी जाणार?"

नर्सबाई म्हणाल्या, बाहुली द्या, हाताळायची सवय होईल.
बाहुली उन्हाळ्यातच तळ्याच्या तळाशी गेलेली.
म्हणून मी साडेतीन किलो बटाटे तोलले,
उशीच्या अभ्र्यात बांधले,
वर सिरूची जुनी लोकरी शाल.
"मानेखाली हात धर," मी म्हणालो.
बटाट्यांना कुठली मान?
पण तिने चाचपून चाचपून एक शोधून काढली.

मग महिनाभर घरात बटाटे नांदले.
त्यांना खिमटी भरवली गेली.
सौनात खालच्या फळीवर बसवलं, तिथे ऊन कमी लागतं म्हणून.
एकदा तिने त्यांना फाडकन एक दिली,
आणि कोणी पाहिलं का, म्हणून वळून बघितलं.
मी पेपरात डोकं घातलं.

सिरूची मांडी मात्र रोज बोटभर आखूड होत होती.
हिल्ला चढायची, घसरायची, पुन्हा चढायची,
शेवटी गुडघ्याच्या टोकाशी
धक्क्याच्या कडेला बसावं तशी बसायची,
दोन्ही मुठींत आईचा स्वेटर धरून.
त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता.
बटाट्यांकडेही नव्हता.

उणे सव्वीस. पहाटेचे अडीच.
शेजारची केर्त्तू गाऊनवर कोट चढवून
हिल्लाच्या उशाशी येऊन बसली.
पुढे माझा नांगर,
मागे टॅक्सीत सिरू.
उभ्या जन्मात एवढा सरळ रस्ता मी कधी काढला नव्हता.

मुलगा.
तीन किलो चारशे ऐंशी.
माझा अंदाज वीस ग्रॅमने चुकला.

तिसऱ्या दिवशी घरी आलो, तर ही दारातच उभी,
डावा बूट उजव्या पायात.
खोक्यात वाकली. बराच वेळ बघितलं.
तो शिंकला, ही दचकली.
हळूच मानेखाली हात घातला, अगदी बरोबर जागी,
आणि माझा ऊर भरून यायच्या आत म्हणाली,
"हे ते नाही."

कोठीत गेली. ओढत ओढत शाल घेऊन आली.
गाठ सुटली, तर बटाट्यांना कोंब फुटलेले,
पांढरे, बोटबोट लांब.
"याला पण हात आले!"

रात्री मॅकरोनी केली.
दुसऱ्या कशाला हात लावायची कोणाची छाती नव्हती.
सिरूला तिची मांडी परत मिळाली होती,
पण आता ती भरलेली.
हिल्ला समोर उभी राहून डोळ्यांनी मोजत होती,
त्याचे पाय कुठे संपतात,
आपल्याला किती उरतं.
उरलेल्या गुडघ्यावर चढली.
मग काहीतरी आठवल्यासारखी खाली उतरली,
शालीतलं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून
माझ्या मांडीवर आणून ठेवलं,
आणि परत जाता जाता,
जरा दटावूनच,
"मानेखाली हात धर."