सहकुटुंब पास

भुसावळच्या इन्स्टिट्यूटात शनिवारी इंग्रजी सिनेमा,
बाल्कनीच्या जिन्यापाशी पिंटोसाहेबांचा टॉर्च:
"ओन्ली सहकुटुंब."
मी पार्सल ऑफिसात कारकून, सडाफटिंग,
पण क्वार्टर लवकर मिळावं म्हणून
अर्जात 'विवाहित' लिहून बसलो होतो
(ती शाई आजतागायत खोडलेली नाही).
पास आला. निळा. दोघांचा.

द्वारका रेल्वे दवाखान्यात नर्स, माहेर साक्रीकडचं.
केळीच्या घडांतून वाट काढत
दर मंगळवारी औषधांची खोकी सोडवायला यायची.
विचारलं तेव्हा तिचं पेन थांबलं.
"तठे बायको," म्हणाली,
"आठे सिस्टर शे मी. ध्यानमा ठेव."

मंगळसूत्र गिरजा आयाकडून उसनं.
जोडव्यांचं काय? तर पायात दवाखान्याचे बूट.

पडद्यावर जहाज. जहाजावर एक गोरी बाई
आणि एक माणूस, ज्याच्या पायांत हाडंच नव्हती.
पेपरवाल्यांना दाखवायला दोघं प्रेमाचं सोंग करताहेत,
एवढं कळलं. बाकीचं इंग्रजी
थ्रू मालगाडीसारखं धडधडत निघून जायचं,
आम्ही फलाटावर उभे.
मग द्वारका माझ्या कानाशी भाषांतर करायची:
"ती म्हणते, वांगी भाजत ठेवली होती, करपली.
तो म्हणतो, करपल्याबिगर भरीत होतं का?"
मागच्या रांगेतून शूऽऽ.

आणि ऐन नाचात लोकोशेडचं इंजिन शिट्टी द्यायचं.
बाजा, गाणं, टाचांची टकटक, सगळं गिळून टाकायचं.
ते दोघं तसेच नाचत राहायचे,
कोणासाठी कोण जाणे.
तेवढ्यापुरतं ते सोंग वाटायचं नाही.
हे मी तिला सांगितलं नाही.
तिनेही भाषांतर केलं नाही.

मध्यंतरात ट्रॅफिक इन्स्पेक्टरांच्या मिसेसनी गाठलं.
"मुलं किती?"
मी म्हणालो, "एक."
द्वारका म्हणाली, "दोन."
सोड्याच्या बाटलीतली गोळी खुळखुळली.
"एक यांच्या आईकडे असतो," ती म्हणाली,
"त्याला हे मोजत नाहीत."
त्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं
की खरंच कुठेतरी पाटी-दप्तर घेऊन
एक पोरगं माझी वाट पाहत असावं.

सिनेमा पुरा कधी झालाच नाही.
शेवटच्या रिळाचा डबा आला नव्हता.
जहाज किनाऱ्याला लागायचं,
ती रागाने एकीकडे, तो दुसरीकडे,
आणि पांढरा पडदा.
पिंटोसाहेब हात जोडून सांगायचे:
डबा इटारसीत अडकलाय, पुढच्या शनिवारी परत याच,
त्याच पासवर.
असे चार शनिवार.
लोक चिडले. आम्ही गेलो.
बाहेर मे महिन्याची रात्र, तव्यासारखी,
क्वार्टरांसमोर खाटाच खाटा.
ती दवाखान्याच्या वळणावर मंगळसूत्र काढायची,
रुमालात बांधायची,
"गुड नाईट, पार्सल."

पाचव्या मंगळवारी
ती खोक्यांच्या मागे वाकली आणि वाकलेलीच राहिली.
केळीच्या वाळल्या पानांखाली
गोल, पत्र्याचा डबा.
चिठ्ठी इन्स्टिट्यूटच्या नावाची, शिक्का महिन्यापूर्वीचा,
इटारसीचा नव्हे, आमचाच.

हमाल बाहेर ओरडत होता. काट्यावर कोणाची तरी सायकल.
माझ्या हातातला खडू मोडला.

"वजन किती याचं?" तिने विचारलं.
"पाच शेर."
"वहीत चढवलं?"
"नाही."

तिने पायाने पानं पुन्हा सारखी केली,
औषधांच्या पावतीवर सही केली,
आणि दारातून, सिस्टरच्या आवाजात,
"शनिवारी लवकर निघ," म्हणाली.
"मागल्या खेपेला कोपऱ्यातल्या खुर्च्या गेल्या."