तेवीस सेंट

ग्लेन्डेल. बुधवार. जेवणानंतरचा तास.
फळ्यावर मी एक डॉलर काढते, भाकरीएवढा गोल,
आणि म्हणते, समजा, हा कुणीतरी तिकिटाला मोजला.
आता याला खाणारी तोंडं मोजू.

आधी थिएटरवाला. त्याने अर्धी भाकर मोडली.
मग वितरक. मग जाहिराती, म्हणजे तो रस्त्यावरचा
तीन मजली चेहरा, जो दर आठवड्याला बदलतो.
मग ज्याने कर्ज दिलं तो, व्याजासकट.
देशॉन विचारतो, मिस, आणि ज्यांनी पिक्चर बनवला ते?
त्यांच्यासाठी एक शब्द आहे, मी म्हणते: निव्वळ नफा.
लिहून घ्या.
करारात हा शब्द दिसला तर पेन खाली ठेवा.
निव्वळ नफा म्हणजे शेवटच्या पंगतीला बसलेल्याला
वाढप्याने तिरपं करून दाखवलेलं पातेलं.

पोरं हसली. हसू दे.
एकतीस वर्षं मी एका स्टुडिओच्या तळघरात काढली,
पुनःप्रक्षेपणाच्या मानधनाच्या खात्यात.
नट मरत. मालिका मरत नसत.
कुठल्याशा देशात रात्री दोन वाजता
झोप न आलेला माणूस टीव्ही लावी
आणि काही महिन्यांनी माझं यंत्र खडखडे:
एक चेक, एक पाकीट.

आर्पिने मागच्या बाकावरून पाकीट घेऊन उठली.
माझ्या बाबांचं आहे, म्हणाली. ही मालमत्ता धरायची का?

तेवीस सेंट.
पाकिटावरचं तिकीट त्याहून महाग.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
वर्ग बाकं बडवून हसला, आर्पिनेही थोडीशी.
तिचे बाबा एका मालिकेत टॅक्सीवाले होते,
एकच वाक्य: "पुढे रस्ता बंद आहे, साहेब."
तिच्या जन्माआधीची गोष्ट. आता ते फर्निचर पोचवतात.

मी खडू घेतला. विषय सोडायचा नसतो.
एकदा केलेलं काम, पुन्हा हात न लावता
पैसे आणत असेल, तर ती मालमत्ता.
सात टक्क्यांनी गुंतवले तेवीस सेंट,
तर दहा वर्षांत साधारण दुप्पट. शेहेचाळीस.
देशॉन म्हणाला, मग निवृत्तच व्हायचं की, मिस!

पण ते वटवतच नाहीत, आर्पिने म्हणाली.
बिस्किटांच्या डब्यात ठेवतात. डबा भरला, दुसरा आणला.
आई ओरडते. बाबा म्हणतात,
वटवला की संपला.

न वटलेले चेक.
माझ्या वहीत त्यांचा वेगळा रकाना होता, लाल शाईचा.
दर डिसेंबरला मेळ बसत नसे, तो यांच्यापायी.
मी स्मरणपत्रं धाडायची. नम्र, मग कमी नम्र.
काही नावं पाठच झाली होती, शिव्या घालून घालून.
पाकिटावरचं नाव मी आत्ता नीट वाचलं:
वाहराम तेर-गाझारियान.
जोडरेघ नेहमी चुकायची.

तो बुडीत नव्हता, वेंधळाही नव्हता.
तो नुसता ठेवून घेत होता.

फळ्यावर डॉलर अर्धाच उरला होता, कडा खाल्लेला.
परताव्याखाली हे कुठे लिहायचं, मला कळेना.
जोखमीतही बसेना.
मिस, परीक्षेत येणार का हे? कुणीतरी विचारलं.
नाही, मी म्हटलं.
पाकीट दोन्ही हातांनी परत दिलं.

घंटेला चार मिनिटं होती.
मी आर्पिनेला म्हटलं, त्यांना सांग,
तळघरातल्या बाईंनी विचारलंय,
ते वाक्य एकदा म्हणून दाखवाल का.
ती म्हणाली, विचारायला नको, मिस,
गाडी मागे घेताना रोजच म्हणतात.