एसीच्या पाण्यावर

सोहारला ऑक्टोबर उतरू लागला
की एका रात्री एसी बंद करता येतो,
आणि कानांना कळतं
इतके महिने काहीतरी गुरगुरत होतं.

तेव्हा मी व्हर्बेना पेरते.
पेरते कसली, सांडते नुसती.
जिऱ्याच्या चुऱ्यासारखं बी,
वर माती टाकायची नाही,
त्याला उजेड लागतो.
दिवसा एसीच्या नळीखाली बादली.
थंडीत ती कोरडी,
मग तांदूळ धुतलेलं पाणी.

आधी पानं, खरबरीत, जमिनीलगत.
जयवंत म्हणतो, भाजी करायची का?
मग देठ. चौकोनी.
हात फिरवला तर मांजराची जीभ.
कमरेला आला, खांद्याला आला,
सासूबाई फोनवर म्हणाल्या,
अगं, हे तर देठच देठ!

शेवटी टोकाला जांभळा पुंजका,
पोराने शर्टाला पुसलेल्या शाईएवढा.
वास नाही.
ना देवाच्या कामाचं, ना वेणीच्या.
पण आरपार दिसतं त्यातून:
पाण्याची टाकी, भिंत,
भिंतीपलीकडे झुवैनाकाकूंची बोर,
सगळं जागच्या जागी,
वर फक्त जांभळं हलतं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी
फुलोरी माशी आली. एकच.
बुधवारी अकरा.
मग मोजणं सोडलं.
महिन्याभरात डिशच्या दांडीला
तळहाताएवढं पोळं.

कुणीतरी तक्रार केली.
शम्सुल आला, पाठीवर औषधाचा पंप.
झुवैनाकाकू अनवाणीच धावल्या,
ला, ला म्हणत
नळीचं तोंडच धरलं मुठीत.
मग हातांनी सांगत राहिल्या:
खजुराचं पोकळ खोड, एकावर एक रचलेली,
आत गुणगुण,
आणि नवरा, जो आता नाही.
नहल, त्या म्हणाल्या.
माशी, मी म्हणाले.
शम्सुलने पंप उतरवला,
आणि बराच वेळ
कुणीच जागचं हललं नाही.

मे महिन्यात देठ वाळले.
मी कापले नाहीत.
जयवंतचं कंत्राट या वर्षी वाढलं नाही;
सामानाच्या यादीत झाडं येत नाहीत.
चमचाभर बी औषधाच्या पुडीत घेतलं,
बाकीचं झटकलं
नळीखालच्या फटीत.

नवे भाडेकरू कुठले, मला ठाऊक नाही.
फुलांचं वेड असेल, नसेल.
एसी तर लावतीलच.