परक्याचं इंजिन

सदरची शेड, मे महिना, रात्रीचे अकरा.
बाकावर आवळलंय त्यांचं इंजिन,
कामठीच्या कंत्राटदाराच्या नावानं गुपचूप आणलेलं.
मालकाला गाडी हवी अशी,
की मागच्या गादीवर अत्तराची कुपी
उघडी ठेवावी.

शेषराव बारापात्रे लाकडी दांडीचं एक टोक ब्लॉकला लावतो,
दुसरं कानाला.
"खोट?"
"नाई जी. आपलं खोकते,
हे झोपेत बोलते."

पहाटे उघडलं.
बेअरिंगवर कानशीचे बारीक ओरखडे,
उलट्या अंगाला कललेले.
डावखुरा हात.
उरकुडा!
दोन रुपये वाढ मागितली म्हणून
याच दारातून घालवलेला.

मापांचे रकाने कोरेच राहिले.
शेषरावनं खाली लिहिलं :
नव्या गाडीला लागेल —
दोन रुपये.