खाली ठेवणे

हॅलिफॅक्सला येऊन सात आठवडे झाले होते.
कचऱ्याचे डबे बाहेर काढायचा बुधवार,
शेजारचे ग्रीनवुड कुंपणाच्या भिंतीशी उभे,
हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला काहीच नाही.
म्हणाले, मेग. हॅड टु पुट हर डाउन.

पुट म्हणजे ठेवणे. डाउन म्हणजे खाली.
पाचवीपासून पाठ.
मेग म्हातारी, मागचे पाय गेलेले,
रोज सकाळी ते तिला उचलून
दारच्या सहा पायऱ्या उतरायचे, धापा टाकत.
मी म्हटलं, गुड. यू मस्ट बी टायर्ड.
आणि वर हसले.

ते बघत राहिले माझ्याकडे.
'आय,' म्हणाले. इकडे आय म्हणजे हो.
आणि दार लोटून घेतलं.

संध्याकाळी ईराने शाळेतून आल्यावर सांगितलं,
बूट काढता काढता, सहज.
तव्यावरची पोळी करपली.

शब्दकोशात जवळजवळ पाऊण पान:
फोन ठेवणे, यादीत नाव घालणे,
घरासाठी अनामत भरणे, बंड मोडणे,
चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा करणे,
बाळाला निजवणे,
आणि त्याच्याच खाली, बारीक टाइपात, मेग.

आधी रागच आला. केवढी कंजूष भाषा,
दोन चिमुकल्या शब्दांत पाळणाही उरकते, सुईही.
मग वाटलं, आपण तरी काय करतो?
सांगून टाक म्हणतो, टाकत कुणी काही नाही.
झोपून जा म्हणतो, जायचं कुठेच नसतं.

आणि त्या वर्षी मावशीचा फोन आला होता,
दादा गेले गं, म्हणाली,
तेव्हा मीच विचारलं होतं ना,
मराठीत वाढलेली, एकोणतीस वर्षांची मी:
कुठे?

गुरुवारी शिरा केला. साखर जरा जास्तच पडली.
भिंतीला वळसा घालून त्यांच्या दारात गेले,
वाटेत तीन वाक्यं जुळवली होती,
सॉरीच्या पुढे एकही सरकलं नाही.
ग्रीनवुड वाडग्याकडे बघत होते.
पायपुसण्यावर अजून पांढरे केस.
पुट इट डाउन देअर, लव्ह, म्हणाले,
आणि स्टुलावरचा पट्टा उचलून जागा केली.

मी ठेवलं. खाली.
या वेळी अर्थ एवढाच होता,
तरी ठेवताना
दोन्ही हात लागले.